कुत्र्याला घेऊन मुक्कामी ट्रेक: राजमाची, डिसेंबर

भटका_वेताळ:
गावठी कुत्रा, वय ३, वजन २४ किलो. रोज पाचेक किमी चालतो. लोणावळा–तुंगार्ली–उधेवाडी (राजमाचीवरचं गाव) असा एका रात्रीचा बेत आहे, जायचं अंतर साधारण १५ किमी. तंबू आपला. पाणी किती घ्यायचं, खायला काय, रात्री बांधायचा कुठे? पाठीवर पिशवी दिली तर चालेल?

कातळकडा:
रोजच्या पाचावरून एकदम पंधरावर नको. आधीचे तीन रविवार ८, १० आणि १२ किमी करा, तेही दगडधोंड्यांच्या वाटेवर. डांबरावर चालून पंजाच्या गाद्या घट्ट होतात हे खरं, पण बारीक खडी वेगळ्या ठिकाणी घासते.

पाणी: घरी बसल्या दर किलोला ५०-६० मिली, म्हणजे याला दिवसाला सव्वा ते दीड लिटर. चालताना अडीच लिटर धरा. दर अर्ध्या-पाऊण तासाला वाटीभर द्या, एकदम ढोसायला देऊ नका. तळ्या-टाक्यांचं पाणी टाळा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) भीती. रेबीजबरोबर लेप्टोची लसही चालू वर्षाची हवी.

खाणं: नेहमीचंच, एक तृतीयांश जास्त. शिजवलेला चिकन-भात पिशवीत आंबतो, कोरडं खाणं बरं. गावात जेवण मिळतं, पण पिठलं-आमटीतला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. नुसती भाकरी आणि उकडलेलं अंडं चालेल. खाल्ल्यावर निदान दीड तास चालवू नका, पोट फुगून पिळा पडू शकतो.

पिशवी: वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे २ किलो पुरे. दोन्ही बाजू सारख्या भरा. आधी आठवडाभर रिकामीच घालून फिरवा.

रानडॉक्टर:
सगळे बिबट्याचं विचारतात, कुसळाचं कुणी विचारत नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं. शिवाय दव पडलं की शेपटी पीळ सोडते, वाळली की परत पीळ घेते, आणि टोक गिरमिटासारखं आत जातं. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर चार-पाच दिवसांनी तिथे पू धरलेली गाठ दिसते. तोवर लोक 'मुरगळलं असेल' म्हणून पाय शेकत बसतात.

निघण्यापूर्वी बेचक्यातले केस कापा. प्रत्येक थांब्याला बोटांमध्ये, काखेत, जांघेत, कानामागे हात फिरवा. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना टोचतं. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, वाकवलं तर टोक आत तुटतं. एकाच बाजूला मान वाकडी करून डोकं झटकू लागला तर कुसळ कानात गेलंय असं समजा. तेल घालू नका, चिमटा घालू नका, गाडी गाठा. सुती मोजे तर अजिबात नकोत, कुसळं गोळा करायचं यंत्रच ते.

कातळकडा:
+१. आणि दुपारी कातळावर हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही सावलीत बसवा.

माचीवरचा:
रात्रीचं सांगतो. बाहेर खुंटीला बांधू नका, बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. तंबूत आत, खाली चटई, तंबूची चेन बंद. सूर्यास्ताआधी खायला घाला आणि उरलेलं लगेच डब्यात भरा, नाहीतर गावातली कुत्री तंबूभोवती जमतात आणि मग रात्रभर मारामाऱ्या. वाडीत शिरताना पट्टा दीड मीटरच्या आत धरा. शेळ्या-कोंबड्या मोकळ्या असतात. गळपट्ट्याला नव्हे, छातीच्या हार्नेसला दोर लावा.

गोचिडाची गोळी निघण्याच्या किमान दोन दिवस आधी द्या. पण गोचीड चावल्यावरच ती मरते, म्हणून अंग चाचपायचं चुकत नाही. पुढचे तीन आठवडे ताप, अन्न सोडणं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर डॉक्टरांना 'ट्रेकला नेला होता' हे आधी सांगा आणि रक्त तपासा.

भटका_वेताळ:
आभार. पुढच्या वेळी हरिश्चंद्रगड?

रानडॉक्टर:
नको. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. लस घेतलेला कुत्राही तिथल्या प्राण्यांना त्रासच, आणि लस नसलेल्याकडून डिस्टेंपर हा विषाणूचा रोग पसरतो. २०१८ मध्ये गीरचे काही सिंह त्याच विषाणूने गेले. राजमाचीवरूनच कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरायचं असेल तर मात्र वाट तीव्र उताराची आहे. पिशवी काढून तुमच्या पाठीवर घ्या, नाहीतर ती पुढे सरकून कुत्र्याचा तोल जातो.