गॅल४ आधीपासूनच डीएनएवर असते
गॅलॅक्टोज ही साखर मिळाल्यावरच, ती वापरण्याची जनुके चालू करणारे गॅल४ प्रथिन यीस्टच्या डीएनएला जोडले जाते, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. ग्लिसरॉलवर (म्हणजे गॅलॅक्टोज व ग्लुकोज दोन्ही नसताना) वाढणाऱ्या पेशींतही गॅल४च्या दोन रेणूंची जोडी जनुकाअलीकडील १७ बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) नियंत्रक जागेवर बसलेली असते, मात्र तिचा सक्रियक भाग, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, गॅल८० प्रथिनाने झाकलेला असतो. गॅलॅक्टोज व एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) यांच्याशी जोडलेले गॅल३ हे गॅल८०ला धरते, तेव्हाच तो भाग मोकळा होऊन आरएनए पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारे विकर) व त्याची सहायक प्रथिने तेथे आणली जातात आणि गॅलॅक्टोज वापरण्यासाठीच्या गॅल१ जनुकाचे प्रतिलेखन (त्याची आरएनए प्रत बनणे) सुमारे हजारपटीने वाढते. ग्लुकोज असल्यास मिग१ हे दमनकारी प्रथिन खुद्द गॅल४च्या जनुकालाही आवर घालते. डीएनएला जोडले जाणे आणि प्रतिलेखन सुरू करणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ब्रेंट व टाश्नी या संशोधकांनी १९८५ मध्ये गॅल४चा सक्रियक भाग जिवाणूतील, डीएनएला धरणाऱ्या लेक्सए प्रथिनाला जोडून दाखवले. माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग तोच.