शालेय क्रीडास्पर्धा आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थिनी: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढचा प्रश्न नेमका कोणता?

मेधा_न्यूजर्सी (१९ जानेवारी २०२६)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत असून शाळेच्या क्रॉस-कंट्री संघातून धावते. ट्रान्सजेंडर मुलींना, म्हणजे जन्मतः मुलगा अशी नोंद असली तरी मुलगी म्हणून जगणाऱ्यांना, मुलींच्या संघातून खेळू न देणाऱ्या वेस्ट व्हर्जिनिया आणि आयडाहो या राज्यांच्या कायद्यांवर १३ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले, तेव्हापासून आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर दुसरा विषय नाही. निकाल राज्यांच्या बाजूने लागला तर देशभर ट्रान्सजेंडर मुलींना मुलींच्या संघाची दारे बंद होतील, असे काही पालक ठामपणे सांगतात. आपल्या राज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. यांतले खरे काय?

दुसरा प्रश्न माझ्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. असा कायदा असलेल्या राज्यात एखादी खेळाडू मुलगी आहे की नाही, हे कोण आणि कसे तपासते? माझी मुलगी उंच आहे, केस अगदी बारीक ठेवते, आणि गेल्या हंगामात एका शर्यतीनंतर दुसऱ्या शाळेच्या पालकांनी तिच्या देखत आमच्या प्रशिक्षकांना "ही नक्की मुलगीच ना?" असे विचारले होते.

श्रीरंग व.

मेधाताई, व्हॉट्सअॅपवरचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण बहुतेक बातम्यांत दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. राज्याला ट्रान्सजेंडर मुलींना मुलींच्या संघातून वगळण्याची मुभा आहे का, हा एक प्रश्न. आणि त्यांना वगळणे राज्यावर बंधनकारक आहे का, हा दुसरा. या दोन खटल्यांत न्यायालयापुढे पहिलाच प्रश्न आहे. त्यामुळे वेस्ट व्हर्जिनिया जिंकले तरी तेवढ्यावरून न्यू जर्सीचे नियम आपोआप बदलत नाहीत. तुमच्या राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात लिंगओळखीला संरक्षण आहे आणि ते राज्याचे स्वतःचे आहे.

दुसरा प्रश्न कनेक्टिकटच्या खटल्यात आहे. तिथे काही धावपटू मुलींनी २०२० मध्ये दावा लावला, की ट्रान्सजेंडर मुलींना आपल्याबरोबर धावू देणे हाच 'टायटल नाइन'चा, म्हणजे शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या संघीय कायद्याचा, भंग आहे. तो दावा आधी फेटाळला गेला. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो पुन्हा उभा केला. तुमच्या राज्यावर थेट परिणाम होईल तो अशा दाव्याच्या निकालाचा, आणि त्याहीआधी केंद्राच्या पैशाचा: ५ फेब्रुवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानुसार ट्रान्सजेंडर मुलींना खेळू देणाऱ्या शाळांचा संघीय निधी रोखण्याचे धोरण आहे, आणि त्याच वादातून केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मेन राज्यावर खटला भरला.

आता मूळ खटला. वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ मध्ये कायदा केला, तेव्हा न्यायालयीन कागदांत बी. पी. जे. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ११ वर्षांची मुलगी माध्यमिक शाळेच्या क्रॉस-कंट्री संघात जाऊ पाहत होती. ती तिसरीपासून मुलगी म्हणून वावरत होती आणि वयात येणे रोखणारी औषधे घेत असल्यामुळे तिचे शरीर पुरुषी वाढीतून गेलेच नव्हते. जिल्हा न्यायाधीशांनी आधी तिला अंतरिम दिलासा दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो २ विरुद्ध १ मतांनी फिरवला. मुलांच्या संघात खेळ किंवा खेळूच नकोस, हा तिच्यासाठी पर्यायच नव्हे, असे बहुमताने म्हटले. मात्र घटनेच्या समान संरक्षणाच्या कलमाचा मुद्दा त्यांनी निकाली न काढता, तिला खरोखर शारीरिक लाभ मिळतो का याचा पुरावा तपासण्यासाठी खाली परत पाठवला. माझ्या मते खटल्याचा जीव इथेच आहे: सरसकट नियम बहुतेकांच्या बाबतीत योग्य असेल, तर ज्या एका मुलीला त्यामागचे कारण लागूच पडत नाही, तिलाही तो लावता येतो का?

प्रशिक्षक_नाशिक

कायद्यातले मला फारसे कळत नाही, मैदानावरचे कळते. वयात आल्यावर मुलांच्या धावण्यात आणि मुलींच्या धावण्यात दहा ते बारा टक्क्यांचे अंतर पडते, आणि मुलींचा गट वेगळा ठेवण्याचे कारणच ते आहे. ते अंतर औषधोपचारांनी पूर्ण भरून निघते यावर माझा विश्वास नाही. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनेही मार्च २०२३ मध्ये पुरुषी वाढीतून गेलेल्या ट्रान्सजेंडर महिलांना महिला गटातून वगळले. अंतिम फेरीतल्या आठ जागांपैकी एक गेली, तर नवव्या मुलीचे वर्षभराचे कष्ट वाया जातात. तिलाही कोणीतरी वाली हवा.

मात्र ऑलिंपिकची मोजपट्टी सहावीतल्या क्रॉस-कंट्रीला लावणे मला पटत नाही. त्या वयात मुले-मुली एकत्रच धावली तरी पुष्कळदा मुली पुढे असतात.

अनघा_प.

प्रशिक्षकसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. आकड्यांचेही भान हवे. युटाच्या रिपब्लिकन राज्यपालांनी मार्च २०२२ मध्ये अशा विधेयकावर नकाराधिकार वापरला, तेव्हा राज्यातल्या सुमारे ७५,००० शालेय खेळाडूंपैकी ट्रान्सजेंडर चार, आणि त्यांत मुलींच्या संघातून खेळणारी एकच, असे पत्रात लिहिले होते. विधिमंडळाने तो नकाराधिकार धुडकावला ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडची धावपटू द्युती चंद हिचे उदाहरण या वादात वारंवार दिले जाते, पण ते इथे गैरलागू आहे. ती ट्रान्सजेंडर नाही. तिचा लढा नैसर्गिकरीत्या वाढलेल्या टेस्टोस्टेरॉनवरील (पुरुषी संप्रेरकावरील) नियमाविरुद्ध होता आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. जवळचे उदाहरण केरळचे आहे. ज्युदोच्या महिला गटात उतरू इच्छिणाऱ्या ट्रान्सजेंडर स्पर्धकाला २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली, कारण आयोजकांनी वेगळा गटच ठेवलेला नव्हता.

मेधा_न्यूजर्सी

सर्वांचे आभार. 'मुभा' आणि 'बंधन' यांतला फरक मी गटावर जसाच्या तसा टाकला आहे. तपासणीचा प्रश्न मात्र राहिलाच.

श्रीरंग व.

तो राहायला नको होता, कारण आयडाहोच्या खटल्यात तोच कळीचा आहे. २०२० चा तो कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. एखाद्या मुलीच्या लिंगाबद्दल कोणी वाद उपस्थित केला, तर तिने डॉक्टरांचा दाखला आणायचा, आणि तो जननेंद्रियांची तपासणी, शरीरात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण किंवा जनुकीय चाचणी यांवर आधारलेला असायचा, अशी त्यात तरतूद आहे. मुलांच्या संघातल्या कोणालाही हा जाच नाही, यावर अपील न्यायालयाने नेमके बोट ठेवले होते. गंमत अशी, की ज्या विद्यार्थिनीने हा दावा लावला तिनेच आता तो मागे घेण्याची विनंती केली असल्याने, तो खटला निर्णयापर्यंत पोहोचेल की नाही हेही न्यायालयालाच ठरवायचे आहे.

तुमची शंका काल्पनिक मुळीच नाही. युटामध्ये २०२२ साली मागे पडलेल्या मुलींच्या पालकांनी विजेत्या मुलीविरुद्ध तक्रार केली, आणि क्रीडा संघटनेने तिच्या शाळेकडून बालवाडीपर्यंतच्या नोंदी तपासून घेतल्या. प्रत्येक नोंदीत ती मुलगीच होती. ही चौकशी तिला किंवा तिच्या घरच्यांना न सांगता झाली होती. न्यू जर्सीत आयडाहोसारखी तरतूद नाही. तरीही पुढच्या हंगामात कोणी तसा प्रश्न विचारला, तर प्रशिक्षकांनी तो तिथेच थांबवावा आणि तक्रार करायचीच असेल तर लेखी, शाळेच्या क्रीडा संचालकांकडे करायला सांगावी, असे आताच त्यांच्याशी बोलून ठेवा.