प्रति: ब्लॉक हॅशवरून फासा टाकला तर?

"पुढच्या ब्लॉकच्या हॅशवरून फासा काढायचा, म्हणजे लबाडीच संपली" असं तुम्ही क्रिप्टोच्या ऑनलाइन जुगाराबद्दल वर लिहिलंय. (ब्लॉक म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक वहीचं एक पान, हॅश म्हणजे त्यातल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा.) पाणी तिथेच मुरतंय. ब्लॉक बनवणाऱ्याला निकाल आधी दिसतो. डाव मोठा असेल तर तो ब्लॉक सोडूनही देईल. शिवाय इथेरियम या ब्लॉकचेनवर जुना हॅश विचारायची ब्लॉकहॅश ही कोडमधली सूचना मागच्या २५६ ब्लॉकपुरतीच, म्हणजे पन्नासेक मिनिटं. त्यानंतर उत्तर शून्य, आणि शून्याचा निकाल आधीच काढून ठेवता येतो!

आमच्या सांगलीच्या गल्लीत भिशी फुटते. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, काढायला शेजारचं पोर. एकदा निघालेली चिठ्ठी चार घड्यांची, बाकी सगळ्या दोन घड्यांच्या! तेव्हापासून घड्या सगळ्यांसमोर घालतात. ऑनलाइन फाशातलं 'प्रूव्हेबली फेअर' (प्रामाणिकपणा तपासता येईल असा खेळ) म्हणजे हेच. खेळ चालवणारा सर्व्हर आपल्या गुप्त सीडचा (ज्यावरून आकडा निघतो त्या बीजाचा) एसएचए-२५६ या पद्धतीनं काढलेला हॅश आधी दाखवतो, मग खेळणारा स्वतःचा सीड देतो, दोन्ही मिसळून आकडा निघतो. नंतर सर्व्हरचा सीड उघडला की कुणीही घरबसल्या ताळा घ्यावा.

पण ताळा जुळला म्हणून खिसा वाचत नाही. घराचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, वाटा १ टक्का धरा: १०० रुपयांचे १०० डाव, सरासरी १०० रुपये गेले. अगदी प्रामाणिकपणे गेले.

आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. क्रिप्टो वापरलं म्हणून सुटका नाही. फासा तपासायचा भाग तेवढा टेस्टनेटवर (सरावाच्या ब्लॉकचेनवर) खोट्या नाण्यांनी करा, कोड बघायला मी बसतो.