‘उद्दीपक’ बाहेर असतो की डोक्यात?

प्रश्न : बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अभिजात अभिसंधान’ (क्लासिकल कंडिशनिंग, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने लागणारी सवय) वाचतोय. एका पानावर मेट्रोनोमच्या (टिकटिक करत ठेका देणाऱ्या यंत्राच्या) आवाजाला ‘उद्दीपक’ म्हटलंय, तर पुढे ‘उद्दीपकाचं मानसिक प्रतिरूपण’ (मनात होणारी त्याची नोंद) येतं. नेमका अर्थ कोणता घ्यायचा?

— उद्दीपक बाहेरचाच. पावलॉव्हच्या प्रयोगात टिकटिकीनंतर अन्न मिळत गेलं आणि कुत्र्याला नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागली; ती टिकटिक हा अभिसंधित (सवयीने परिणाम करणारा) उद्दीपक, अन्न हा अनभिसंधित (न शिकवता परिणाम करणारा). डोक्यात तयार होतं ते प्रतिरूप. त्याला ‘प्रतिमा’ मात्र म्हणू नका, लगेच चित्र डोळ्यांपुढे येतं.

— कुत्र्यापुरतं ठीक आहे. माणसाचं काय? मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी राझरान यांनी 1939 मध्ये मोठ्या माणसांना खायला देता देता इंग्रजी शब्द दाखवले. त्यात एक होता ‘अर्न’, म्हणजे कलश. जिभेखाली कापसाची गुंडाळी ठेवायची आणि नंतर तिचं वजन करून लाळ मोजायची. पुढे समानार्थी ‘व्हाज’लाही लाळ सुटली आणि कमावणे या अर्थाच्या ‘अर्न’लाही. पण जास्त सुटली ती समानार्थीला. आपल्याकडे ‘पाणी’ शिकवून ‘जल’ आणि हात या अर्थाचा ‘पाणि’ दाखवण्यासारखं हे. आता सांगा, उद्दीपक कोणता होता? कागदावरची अक्षरं तर नक्कीच नाहीत.

— अक्षरंच होती हो! लाळ सुटली ती त्यांच्या प्रतिरूपातल्या अर्थामुळे. म्हणून तर दोन शब्द वेगळे ठेवायचे.

— खरी गंमत संयुक्त उद्दीपकात (दोन उद्दीपक एकदम देण्यात) आहे. दिवा लागला की हवेचा झोत डोळ्यावर येतो, आवाज झाला तरी येतो, पण दोन्ही एकदम आले की येत नाही; मग दोन्ही एकदम आले की पापणी मिटायची नाही, हे शिकावं लागतं. शिकणं कसं होतं ते गणिताने मांडणारं रेस्कोर्ला-वॅग्नर प्रारूप (1972) दिवा, आवाज अशा घटकांची ताकद बेरजेत धरतं. नुसती बेरीज केली तर एकत्र आल्यावर पापणी जास्तच मिटायला हवी. मानसशास्त्रज्ञ पिअर्स (1987) म्हणतात, ती जोडीच मुळात एक स्वतंत्र आकृतिबंध म्हणून साठते. माणसं घटकवार आणि जोडीने, अशा दोन्ही तऱ्हांनी शिकतात. आधी कशाची सवय लागली, सूचना काय दिल्या, यावर बरंच ठरतं. मला एकट्या पिअर्सचं म्हणणं सगळीकडे लावणं पटत नाही.

प्रश्नकर्ता : मग परीक्षेत ‘दोन उद्दीपक एकत्र साठले’ असं लिहू का?

— ‘दोन उद्दीपक एकत्र दिले, त्यांचं प्रतिरूपण घटकवार किंवा समग्र (जोडी एकच मानून) झालं’ असं लिहा.