हळदीच्या पाउचवरचा बारकोड दुकानात वाचतच नाही, काय करावं?

वसमतची हळदवाली:
नमस्कार. वसमतला आमचा दहा बायकांचा बचत गट आहे. घरचीच हळद शिजवून, वाळवून, दळून २०० ग्रॅमच्या पाउचात भरतो. यंदा पहिल्यांदाच ८९० नं सुरू होणारा बारकोड नंबर रीतसर घेतला आणि ३,००० पाउच छापून आणले. पिवळ्या पाउचवर कुंकवाच्या रंगाच्या रेघा, सगळ्याजणींना लई आवडलं. नांदेडच्या एका दुकानानं ६० पाउच ठेवून घेतले आणि चौथ्या दिवशी परत पाठवले. काउंटरवर स्कॅनच होत नाही म्हणे. माझ्या मोबाइलवर तर लगेच वाचतो. नंबर चुकलाय का? गटाचे पैसे अडकलेत, रात्री झोप लागत नाही.

वाळूजचा पॅकिंगवाला:
ताई, मोबाइलनं वाचला म्हणजे नंबर हिशेबात बसतोय. शेवटचा आकडा आधीच्या १२ आकड्यांवरून काढलेला असतो, तो जुळला नाही तर वाचतच नाही. घोळ रंगाचा आहे. दुकानातला स्कॅनर बहुतेक वेळा लाल उजेड टाकतो. त्या उजेडात पिवळं पांढरं दिसतं आणि कुंकवाचा रंगही जवळपास पांढराच. तुमच्या रेघा त्याला दिसतच नाहीत. मोबाइलचा कॅमेरा सगळे रंग बघतो, म्हणून मोबाइलवर वाचला म्हणजे झालं असं कधीच धरू नका.

पाउच फेकू नका. पांढऱ्या लेबलवर काळ्या रेघांत तोच नंबर छापून जुन्या कोडवर पूर्ण झाकेल असं चिकटवा. लेबलचा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणारा असेल तर एक ठिपका ०.१२५ मिलीमीटरचा. सगळ्यात बारीक रेघ बरोबर ३ ठिपक्यांची ठेवायला सांगा. कोडचं चित्र माउसनं ओढून लहानमोठं केलं की काही रेघा २ ठिपक्यांच्या, काही ३ च्या होतात आणि तिथंच बिघडतं. दोन्ही बाजूंची कोरी जागा सोडा: डावीकडं बारीक रेघेच्या ११ पट, उजवीकडं ७ पट. जागा वाचवायला डिझायनर तीच आधी खातो.

पुढच्या छपाईत रेघा काळ्या किंवा गडद हिरव्या, आणि एकाच शाईत. दोन शाया एकावर एक आल्या की छपाईत पाउचच्या प्लास्टिकचा रोल जरा सरकला तरी कडा फाकतात. रेघांची दिशा रोल धावतो त्या दिशेनंच ठेवा.

लातूरची लॅबवाली:
मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडं लेबल ट्यूबच्या उंचीच्या दिशेनं, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतील असंच लावावं लागतं. ट्यूबभोवती गुंडाळलं की कडेच्या रेघा गोलाईमागं जातात. एकदा रात्रपाळीत लेबल प्रिंटरची शाईची रिबन सुरकुतलेली होती, कोड फिकट आला. नंबर हातानं टाकावा लागला, एक आकडा चुकला आणि आठ दिवसांच्या बाळाचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं. त्याच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. आता दर रोल बदलला की पहिलं लेबल स्कॅन केल्याशिवाय मी पुढं जात नाही. ताई, तुम्हीही दर गठ्ठ्यातले दोन-तीन पाउच दुकानातल्याच स्कॅनरवर बघत जा. आणि लेबल पाउचच्या सपाट भागावर लावा, शिवणीवर नको.

वसमतची हळदवाली:
दोघांचेही मनापासून आभार. लेबल छापून आणले. प्रिंटरवाल्याला ३ ठिपके सांगितले तर त्यानं सेटिंग उघडून दाखवलं, आधी चित्रच ताणलेलं होतं. आम्ही सहाजणी ओसरीवर बसून दोन दिवस चिकटवत होतो. हळदीचे हात लागले की लेबल पिवळं पडतं, म्हणून पुसायला ओला आणि कोरडा असे दोन फडके ठेवले. आज नांदेडला ५ पाउच घेऊन गेले, पाचही पहिल्याच वेळी वाजले. पुढच्या छपाईत पानांच्या चित्रासाठी गडद हिरव्या शाईचा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, आहेच, रेघा त्याच्यावरच घ्यायला सांगितल्यात. कुंकू आता नावापुरतं.