अनुभव धागा: लहान मुलं, घरबसल्या ऑनलाइन पियानो आणि आपण

सांजवात
काल गच्चीवर कपडे काढायला गेले होते, पाऊस यायच्या बेतात. मागच्या इमारतीत कुणाचं तरी पोर पाच सूर वर-खाली वाजवत होतं आणि टॅबमधून बाईंचा आवाज, "मनगट वर बेटा, मनगट वर." हातात ओलसर टॉवेल घेऊन उभीच राहिले. २०२० चा तो उन्हाळा जसाच्या तसा आठवला.

लेक तेव्हा पाचची. शाळा बंद, खाली खेळायला जायची बंदी, आणि जावेच्या मुलाचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पलंगाखाली धूळ खात पडलेला. बाई बंगळुरूच्या. मला वाटलं पहिल्या दिवशीच एखादं गाणं वाजेल. कसलं काय! आठवडेच्या आठवडे नुसतं दोन काळ्या कुठे, तीन काळ्या कुठे. दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी म्हणजे सी. मग कीबोर्डभर सगळ्या सी शोधायच्या. अंगठा एक, करंगळी पाच. मग टाळ्या. आमच्या सासूबाई भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्या दारात बसून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "टाळ्याच वाजवायच्या तर एवढे पैसे कशाला? आमच्या भजनाला पाठव गो तिला."

खरी गंमत पुढे. दोन्ही हात सुरू झाले तर पोरीचा डावा हात सारखा मागे जायचा. बाईंना काही कळेना. आम्हाला कळलं, ती आजीसारखा भाता शोधत होती :)

पाय लोंबकळायचे म्हणून खाली दोन पाट. टॅब टेकवायला कडधान्याचे डबे. रोज बाजूला बसायचं काम माझं, एक कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. आता ती पियानो वाजवत नाही. चवथीला आरत्यांना घुमट (आपलं मातीचं तालवाद्य) वाजवते, आणि तिचा ताल पक्का आहे तो त्या टाळ्यांमुळे असं माझं ठाम मत. (सासूबाईंचं वेगळं.)

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. अर्धवट सुटलेले क्लासही चालतील.

म्हापशेकरीण
घुमट!! भारीच. आमचे चिरंजीव पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकले. बाई रागावायला लागल्या की टॅबचा आवाज शून्य करायचा आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवत राहायची. बाई मला म्हणाल्या किती समजूतदार मुलगा. नंतर येते, मासेवाली आलीय.

भाता
आयडी बघून कळलंच असेल, मला यावंच लागलं. डिचोलीत पेटी शिकवतो, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवली. पियानोवाल्यांनाही लागू म्हणून लिहितो.

ही व्हिडिओ कॉलची ॲप माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. लांब धरलेला सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते, ती तो दाबून टाकतात. शिक्षकाला ऐकू येतं टक, टक आणि मग शांतता. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय आहे, तो चालू करायचा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

शिक्षक आणि मूल एकत्र वाजवू शकत नाहीत, हे आधी मान्य करा. आवाज जाऊन यायला वेळ लागतो, तेवढ्यात लय गेली. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. साथ हवी असेल तर शिक्षकाकडून रेकॉर्डिंग मागवून त्याच्यावर वाजवावं. आणि कॅमेरा चेहऱ्यावर लावू नका हो, हातावर लावा, बाजूने आणि थोडा वरून. चेहरा बघून कुठलं बोट पडलं ते कसं कळणार?

सांजवात ताई, सासूबाईंना नमस्कार. कुठल्या पट्टीत गातात?

सांजवात
काळी चार. आणि सी म्हणजे पांढरी एक हे लेकीला त्यांनीच सांगितलं, बाईंच्या आधी.

भाता
वा. काळी चार म्हणजे पियानोवाल्यांची जी शार्प. तिथून सारेगम वाजवायला लावा, पाचातल्या चार काळ्या लागतात. पेटीवरच्या मुलांना काळ्यांची भीती नसते. नुसती सीपासून शिकलेली पोरं काळी आली की बिचकतात.

बिंबल
आमचा क्लास ७ ला. म्हणजे दिवेलागण, आजीचं शुभंकरोति, शेजारचा टीव्ही आणि वीज जायची वेळ सगळं एकदम. कीबोर्ड सेलवर चालतो, वायफाय थोडंच चालतं? मग मोबाईलचा डेटा, तो फक्त खिडकीच्या एका कोपऱ्यात. मुलगा हॉलमध्ये वाजवणार, फोन खिडकीत, मधे मी निरोप्या.
"बाई म्हणतात परत वाजव."
"त्यांना सांग वाजवलं."
"त्यांना ऐकू नाही आलं."
"मग त्यांचीच चूक."

म्हापशेकरीण
@बिंबल 😂😂 याला वकील करा

मांडवीकाठ
थोडा विरोधी सूर लावतो, राग नको. चार वर्षांच्या मुलाला स्क्रीनसमोर अर्धा तास बसवणं हे पियानो शिकणं कमी आणि बसायला शिकणं जास्त. आम्ही आधी बाई नको म्हणून एक ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही, वर्षाचे पैसे आगाऊ. बरोबर पट्टी दाबली की तारा पडतो. मुलीने ढिगाने तारे मिळवले, सगळे एकाच तर्जनीने. ॲपला पट्टी कळते, बोट कळत नाही. मनगट पडलंय, खांदे कानाला लागलेत, हे कोण सांगणार? नंतर बाई लावल्या तेव्हा ती तर्जनी सोडवण्यात त्यांचा जीव गेला. शेवटी मुलीनेच सांगितलं फुटबॉल खेळायचाय. ताळगावला मैदानावर जाते, मजेत आहे.

सांजवात
राग कसला. चारच्या पोराला अर्धा तास जास्तच. आमच्या बाई पंधरा मिनिटं पट्ट्यांवर ठेवायच्या, बाकी वेळ जमिनीवर उड्या. एका ठोक्याचा सूर एक पाऊल, दोन ठोक्यांचा सूर पाऊल टाकून थांबायचं. खालच्या मजल्यावरचे वर आले होते विचारायला, भिंत पाडताय का.

कुशावती
आमच्याकडे ऑनलाइन बाई आणि खरा पियानो असा प्रकार. केप्याला भाड्याने राहतो, घरमालकीण आजी खालीच राहतात, त्यांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, जुना उभा पियानो. त्यांची मुलं सगळी परदेशी. माझा मुलगा कीबोर्डवर शिकतो कळल्यावर म्हणाल्या, तो डबा कशाला, खाली ये. तेव्हापासून आम्ही फोन घेऊन खाली.

पण खरा पियानो म्हणजे घरात एक म्हातारं माणूस सांभाळणं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वरच येत नाही. तारा गंजतात. आत हातोड्यांना फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, असतं, त्याला कसर लागते. आजी जूनपासून आत खालच्या बाजूला छोटा बल्ब पेटवून ठेवतात, दमट हवा आत राहू नये म्हणून. तरी चतुर्थीपर्यंत दोन-तीन सूर बेसूर होतातच. सव्वादोनशेच्या आसपास तारा, ट्यूनर बोलवायचा तर तो पाऊस संपल्यावरच येतो. म्हणतो आत्ता लावून उपयोग नाही, परत उतरणार.

आणि क्लासमध्ये काय होतं, बाई विचारतात हा कुठला सूर, मुलगा म्हणतो सी, मागून आजी खणखणीत आवाजात "दो!" त्या लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, शिकल्या, आधी गायचं, मगच वाद्याला हात. बाई आता त्यांनाच विचारतात, "आंटी, बरोबर वाजवलं का त्याने?" कारण तिकडे नेटवरून पोचतं त्यापेक्षा आजींना जास्त ऐकू येतं.

भाता
कुशावती, ते मेस्त प्रकरण फार मोठं आहे. पोर्तुगीजांच्या काळात गावागावांत चर्चच्या शाळा होत्या, तिथं पोरं दो-रे-मी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकायची. नोटेशन वाचता येणारी हीच माणसं पुढे मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलालांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. आणि आपण इकडे मुलांना नोटेशनसाठी बंगळुरूची बाई शोधतो! असो, शिक्षक चांगला असला की झालं.

मांडवीकाठ
बाई नकोच असेल तर कांपालला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे की.

किनारेवाली
आहे ना. पण काणकोणहून पणजी कोण नेणार रोज? ऑनलाइन म्हणून तर घेतलं आम्ही. आमच्या बाई मडगावच्या, तरी ऑनलाइनच बऱ्या पडतात. कधीतरी सुट्टीत प्रत्यक्ष जाऊन येतो, त्या एका भेटीत बाई मुलीचं मनगट हातात धरून दाखवतात ते महिनाभर पुरतं.

आमचा किस्सा परीक्षेचा. एबीआरएसएमने (संगीताच्या परीक्षा घेणारी लंडनची संस्था) २०२० पासून परफॉर्मन्स ग्रेड काढली, घरून व्हिडिओ पाठवायचा. चार तुकडे, म्हणजे चार रचना, एका दमात, मधे रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. स्केल्स (सुरांचे आरोह-अवरोह) विचारत नाहीत म्हणून पोरं खूश. मुलगी नऊची तेव्हा. पंखा बंद, कुत्रा शेजारी, नवरा दारावर पहारेकरी. तीन तुकडे सुंदर. चौथ्याच्या मध्यावर पोदेर (पाववाला) आला पों पों करत. आणि ही वाजवायची थांबली नाही हो, पण मान वळवून ओरडली, "आई, उंडे (पाव) घे!"

परत पहिल्यापासून.

म्हापशेकरीण
मेले हसून. तोच पाठवायचा होता, परीक्षक पण खूश झाला असता

किनारेवाली
बाई म्हणाल्या पोदेर बरोबर सुरात होता

खाजें
सगळं वाचलं नाही, भाजी फोडणीला आहे. प्रश्न: मुलगी साडेपाचची, कीबोर्ड घ्यायचाय, ६१ की ८८? दुकानदार ८८ च घ्या म्हणतो. आणि स्टूल कुठे मिळतं?

भाता
८८ ची घाई नको. सुरुवातीची एक-दोन वर्षं ६१ चालतात. एकच बघा, हळू दाबली तर हळू आणि जोरात दाबली तर मोठा आवाज यायला हवा. ते नसेल तर खेळणं. पुढे मन रमलं तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, बोटांना जोर त्याच्यावरच येतो.

सांजवात
स्टूलपेक्षा कोपराची उंची बघ गो. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवा. आम्ही साधी खुर्ची आणि वर गादीची घडी. पायाखाली पाट मात्र हवाच, पाय अधांतरी असले की सगळं अंग कडक होतं. आणि टेबलावर ठेवू नकोस कीबोर्ड, जेवणाचं टेबल उंच पडतं.

खाजें
थँक्यू. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाकडी स्टुलं बघितलीत, उद्या जाते.

म्हापशेकरीण
उद्या जातेस तर हरमलच्या मिरच्या आल्यात का बघ आणि इथं लिही प्लीज

बिंबल
@कुशावती तो बल्ब किती वॅटचा? आमच्या काकांकडे असलाच जुना पियानो पडून आहे, वाळवी लागली नसली तर मुलाला तिकडे नेतो. निदान निरोप्याची नोकरी सुटेल माझी.

कुशावती
आजींना विचारून आले. १५ चा, जुन्या पद्धतीचा पिवळा. एलईडी लावून उपयोग नाही म्हणाल्या, तो तापतच नाही. आणि लाकडाला, फेल्टला चिकटून ठेवू नका. वाळवी मात्र आधी नीट बघून घ्या, मागची फळी काढून.

बिंबल
पिवळा बल्ब आता मिळतो कुठे?

मांडवीकाठ
देव्हाऱ्यात लावायचे मिळतात अजून. माझ्याकडे दोन पडून आहेत, पणजीला आलात तर घेऊन जा.

बिंबल
शनिवारी येतो. तुमच्या मुलीला मॅचच्या शुभेच्छा.

मांडवीकाठ
मॅच रविवारी आहे, पावसाने मैदान राहिलं तर.