कार्डं मोजून रेफ्रीला बढती?

लेले ग्राउंडचा स्टॉपर: 'जास्त कार्डं काढतो तो कडक, त्यालाच वर चढवा' ही आपल्या बेळगावच्या फुटबॉल ग्रुपवरची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. 2010 च्या वर्ल्डकप फायनलला इंग्लंडचा रेफ्री हॉवर्ड वेबनं 14 पिवळी कार्डं काढली. हॉलंडच्या डी याँगनं स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत बूट घातला, त्यालाही पिवळंच! आमच्यात तर पोरानं गोल करून शर्ट काढला की लगेच पिवळं, आणि घोट्यावर पाय देणाऱ्याला 'खेळा, खेळा'.

रिटायर शिट्टी: शर्ट काढला की पिवळं, हा नियमच आहे. तिथं रेफ्रीच्या हातात काय नसतंय. घोट्याचं दिसायला तर पाहिजे? मधी माणूस आडवा आला म्हणून वेबलाही लाथ नीट दिसली नाही, लालच द्यायला, म्हणजे बाहेरच काढायला हवं होतं हे त्यानं नंतर कबूल केलंय.

स्टॉपर: कबूल केलं आणि 2022 ला इंग्लंडच्या रेफ्रींचा साहेब झाला! ग्रॅहम पोल, तोपण इंग्लंडचाच, त्यानं 2006 च्या वर्ल्डकपला क्रोएशियाच्या सिमुनिचला तीन पिवळी दिली, दोनलाच बाहेर काढायचं तिथं. त्याला मात्र घरी धाडलं.

रिटायर शिट्टी: पोलनं एक पिवळं क्रोएशियाच्या 3 नंबरऐवजी ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरावर लिहिलं. न दिसणं वेगळं, वही चुकणं वेगळं.

खानापूरचा विंगर: ते इंग्लंड राहू दे की. रेफ्रीच्या बढतीच्या परीक्षेला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून बेंगळूरला गेलो, तिथं म्हणे तारीख पुढं गेली. बेळगावहून रस्त्यानं धरलं तरी 500 किलोमीटर! कोल्हापूर 110 वर. शाहू स्टेडियम भरून माणसं असतात, पण ते पडलं महाराष्ट्रात.

स्टॉपर: झालं! शिट्टीतपण सीमाप्रश्न.

विंगर: हसूलास काय? दोन दिवसांचा पगार माझा बुडाला, तुझा नाही.

टिळकवाडीची गोलकीपर: कोल्हापूरचं कौतुक पुरे. पेठेपेठेची मॅच असली की रेफ्री कार्डाआधी गेट कुठाय ते बघतो.

विंगर: गर्दी तरी असते! आपल्याकडं मॅचला कोण येतंय? खेळाडूंचे भाऊ आणि दोन कुत्री. रेफ्री शिकणार कुणावर?

गोलकीपर: निदान तुला परीक्षेला बोलावलं तरी. कतारमध्ये स्टेफनी फ्रापार्नं पुरुषांची वर्ल्डकप मॅच चालवली. मी इथं झेंडा घेऊन लाइनवर उभी राहिले, तर एक दादा म्हणाले, 'ताई, चहाचं बघता काय?'

विंगर: त्यात माझा काय दोष?

गोलकीपर: तू हसला होतास.

रिटायर शिट्टी: बरं, कार्डं मोजून बढती नको, एवढं मान्य. पण स्टॉपर, तुझ्या त्या शर्टवाल्याला आजपण पिवळंच देणार.